पांढऱ्या कागदावरचा पिंगळा

जैनब पिंजारी कुणाच्याही घरी प्रश्न विचारून संपेपर्यंत चहा घेत नाही. पाणी घेते, चहा नाही. लोकांना वाटतं, बाई मानी आहे. तसं काही नाही. फार वर्षांपूर्वी, साबणाच्या एका कंपनीचे कागद भरत ती जळगावात फिरत होती, तेव्हा एका घरात तिने चहा आधी घेतला. त्या घराने महिन्याला बारा साबण लागतात असं सांगितलं. जाताना हात धुवायला ती मोरीत गेली, तर तिथे एकाच वडीचे तीन तुकडे वाटीत भिजत पडले होते. त्या दिवशी तिला कळलं की घरचा चहा पाहुण्याच्या पोटात गेला, की घरमालकाची जीभ यजमानाची होते. तेव्हापासून आधी कागद, मग कप.

तेवीस वर्षं ती हेच काम करते आहे. मेहरूणमध्ये घर, नवरा चांदभाई गाद्या-रजया भरतो, मुलगी मंतशा लग्न होऊन धुळ्याला गेलेली. जैनब बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि अक्षर असं की छापील वाटावं. कधी टीव्हीवर काय पाहता, कधी मुलांना कोणते डोस दिले, कधी घरात संडास आहे का आणि असला तर त्यात लाकडं ठेवलीत का, असं काय काय तिने विचारलं आहे. पिशवीत तीन निळी पेनं, दोन रबर लावलेलं पुठ्ठ्याचं पॅड, पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी.

या कामात एक जुना रोग आहे. ऊन वाढलं की काहीजण गावच्या पारावर बसून उरलेले कागद स्वतःच भरतात. निळू पाटील, वय बेचाळीस, मुलं दोन, साबण तीन. निळू पाटील जन्मालाही आलेला नसतो. जैनबने असा एकही कागद भरला नव्हता. तिचं सगळं भांडवल म्हणजे एवढंच. जळगाव-धुळ्याकडे कुणाला कागद भरून हवे असले की म्हणत, त्या पिंजारीबाईंना विचारा, त्यांचा कागद खरा असतो. आणि जे उत्तर चौकटीत बसत नाही ते ती शेवटच्या रकान्यात लिहायची. त्या रकान्याचं नाव शेरा. दोन बोटं रुंद. तिचं सर्वांत आवडतं ठिकाण.

तर २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. सातपुड्यात रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. ते टिकावं म्हणून लोक महिन्याला किती पैसे द्यायला तयार होतील, हे विचारायचं. द्यायचे नाहीत, नुसतं सांगायचं. खरी गंमत पुढे होती. निम्म्या घरांना पांढरा कागद, त्यावर नुसता प्रश्न. निम्म्यांना पिवळा कागद, त्यावर आधी पक्ष्याचा फोटो आणि चार ओळी माहिती, मग तोच प्रश्न. एक घर सोडून एक. माहिती मिळाल्यावर माणसाचा हात सैल होतो का, आणि किती, हे पुण्याला पाहायचं होतं.

शिकवायला पुण्याचे सर आले होते आणि देखरेखीला धुळ्याचा योगराज. एकतीस वर्षांचा, हुशार, पांढरे बूट घालून खेड्यात जायची हिंमत असलेला. सरावाच्या वेळी जैनबने 'कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे' असं समजावून सांगितलं, तर योगराजने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "मॅडम, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही. तुमच्या एका शब्दाने अख्खा अभ्यास नासतो." जैनब म्हणाली, बरं. आणि वहीत तारीख घालून तेच वाक्य लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने प्रश्न आधी चांदभाईवर चालवून पाहिला. चांदभाई कापूस पिंजता पिंजता म्हणाला, "फुकट देत असले तरी नको. ठेवणार कुठे?"

जळगाव शहरात सगळं पुण्याच्या मनासारखं झालं. पांढऱ्या कागदाला लोक पाच-दहा रुपये म्हणत. पिवळा कागद वाचला, फोटोतले ते पिवळे डोळे पाहिले, की पन्नास, साठ, एका सोसायटीत तर दोनशे. ते दोनशेवाले गृहस्थ लगेच विचारायला लागले की पावती मिळेल का, करात सूट आहे का, आणि पक्ष्याला आईचं नाव देता येईल का. जैनबने तिन्ही गोष्टी शेऱ्यात लिहिल्या.

मग पाळी आली उंबरखेड्याची. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी दीडशे घरांचं गाव. १३ फेब्रुवारी, मंगळवार. पहिलंच घर सुंदरबाईचं. सत्तरी ओलांडलेली, नाकात चमकी, अंगणात खाटेवर बसून तुरी निवडत होती. तिच्या वाट्याला पांढरा कागद आला. जैनबने जसाच्या तसा वाचला: सातपुड्यातला रानपिंगळा टिकून राहावा यासाठी आपलं कुटुंब दर महिन्याला जास्तीत जास्त किती रक्कम द्यायला तयार होईल?

सुंदरबाईचे हात थांबले. "पिंगळासाठे? तो बिचारा आते रानमा राहस का? त्याले घर नही का?"

जैनबच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुण्याच्या सरांचा पिंगळा झाडावर बसत होता. सुंदरबाईचा पिंगळा माणूस होता. कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत, उजाडायच्या आत दारात उभा राहणारा, पाखराची बोली कळते म्हणून घराचं भलंबुरं सांगणारा आणि सूपभर दाणे घेऊन जाणारा.

तिने तोंड उघडलं. मग वहीतलं तारीख घातलेलं वाक्य आठवलं आणि मिटलं. प्रश्न तिने पुन्हा एकदा वाचला, जसाच्या तसा. सुंदरबाईने पन्नास रुपये आणि वर पायलीभर दादर, म्हणजे घरची रब्बीची ज्वारी, सांगितली. चार वर्षं झाली, तो फिरकला नव्हता. जैनबने चौकटीत पन्नास लिहिलं आणि शेऱ्यात बारीक अक्षरात: पायलीभर दादर, कंदिलाच्या तेलाचे वेगळे.

समोरचं घर निंबाचं. साठीचा शेतकरी, खळ्यात दादरच्या पोत्यांची थप्पी आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी उसनं मागायला आल्याचा भाव. त्याच्या वाट्याला पिवळा कागद. जैनबने फोटो दाखवला आणि चार ओळी वाचल्या. त्या ओळी पुण्यातल्या कुणीतरी फार मन लावून लिहिल्या होत्या. रानपिंगळा ही मध्य भारतापुरती मर्यादित असलेली संकटग्रस्त प्रजाती असून तो पानझडी वनाच्या आरोग्याचा निर्देशक होय, त्याचा पुनःशोध ही जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मानली जाते, वगैरे. निंबाने त्यातला एकच शब्द पकडला.

"हाई तं घुबड शे," तो म्हणाला. "नि तुमीच लिखेल शे, संकट म्हनी. पैसा दिसन संकट कोन लेई? शून्य लिखा. मोठा लिखा."

जैनबने शून्य लिहिलं. मोठं.

दोन दिवसांत तीस घरं झाली. पंधरा पांढरी, पंधरा पिवळी. पांढऱ्यांची सरासरी बेचाळीस रुपये, पिवळ्यांची तीन. शेऱ्याचे रकाने गच्च भरले होते. जैनबला कल्पना होती की पुण्यात हे कागद वाचणाऱ्या माणसाला हसू आवरणार नाही. ती वाट पाहत राहिली.

पण पुण्यात कागद कुणी वाचत नव्हतं. आकडे संगणकात टाकत होते, आणि शेऱ्याला संगणकात जागा नव्हती. संगणकाने एवढंच सांगितलं की सगळीकडे माहिती दिल्यावर रक्कम वाढते, फक्त पिंजारीबाईंच्या उंबरखेड्यात ती चौदापटीने घसरते. आठ दिवसांनी योगराजचा फोन आला. आवाज थंड होता. एकतर कागद उलटसुलट झालेत, नाहीतर पारावर बसून भरलेत, असं पुण्याचं मत आहे, तो म्हणाला. येत्या मंगळवारी तो स्वतः गावात जाऊन तपासणार होता. खोटं निघालं तर तिचं नाव यादीतून कायमचं काढायचं, आणि तशी यादी इतर संस्थांकडेही जाते.

जैनबने विचारलं, "सर, तुम्ही शेरा वाचला का?"

योगराज म्हणाला, शेऱ्याचं नंतर बघू.

त्या रात्री तिने सगळं चांदभाईला सांगितलं. तेवीस वर्षं ऊन डोक्यावर घेऊन जे एक नाव कमावलं, ते पारावरच्या निळू पाटलांच्या रांगेत जाऊन बसणार होतं. चांदभाईने सांगितलं, फोन कर आणि सगळं उलगडून सांग. जैनब म्हणाली, फोनवर सांगितलं तर ती सबब होते. त्याला त्याच्या पांढऱ्या बुटांनी तिथे जाऊ दे, आपण मागे उभं राहू.

२७ फेब्रुवारीला सकाळी योगराज आणि जैनब उंबरखेड्यात उतरले, तेव्हा गावाची दोन गावं झाली होती. पांढऱ्या कागदाची घरं आणि पिवळ्या कागदाची घरं. पंधरा घरं म्हणत होती की समोरच्यांच्या काळजाचा दगड झालाय, दारात येणाऱ्या गरिबाला एक पैसा द्यायला तयार नाहीत. उरलेली पंधरा म्हणत होती की समोरच्यांना भानामती झाली आहे, चांगली धडधाकट माणसं घुबडाला पैसे द्यायला निघालीत. सुंदरबाई आणि निंबाचं तर सुनांच्या हातून होणारं ताकाचं देणंघेणंही बंद झालं होतं.

योगराज सुंदरबाईच्या खाटेसमोर खुर्ची घेऊन बसला. निंबा आपल्या ओट्यावरून कान लावून होता. योगराजने पांढरा कागद काढून प्रश्न वाचला, जसाच्या तसा. तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

"एक डाव सांगेल शे," सुंदरबाई म्हणाली. "पन्नास."

योगराजच्या भुवया वर गेल्या. आकडा जुळत होता. पारावरचा कागद असा जुळत नाही. त्याने मग नियम किंचित वाकवला आणि विचारलं, "अक्का, एवढे का?"

हेच विचारायची ती वाट पाहत होती. तिने कंदिलाच्या तेलाचा हिशेब दिला, धाकट्याला नोकरी लागेल हे त्याने कसं सांगितलं होतं ते सांगितलं, एकदा थंडीत त्याला सासऱ्याची घोंगडी कशी दिली तेही. आणि मग बोट निंबाकडे वळलं. या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी दादर आहे, आणि गरिबासाठी शून्य लिहितो, तेही मोठं.

निंबा ओट्यावरून उतरला. "गरीब? कोन गरीब? घुबड शे ते, सुंदरबाई."

"घुबड तू," सुंदरबाई म्हणाली.

दोघांनी योगराजकडे पाहिलं. योगराजने जैनबकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून, पिशवी पोटाशी धरून, शाळेतल्या हुशार मुलीसारखी उभी होती.

"जैनब मॅडम, हा काय प्रकार आहे?"

"सर, प्रश्नाबाहेरचं मी बोलू शकत नाही," जैनब म्हणाली.

योगराजने कपाळ पुसलं आणि पिवळ्या कागदावरचा फोटो सुंदरबाईच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, जवळ घेतला, पदराने पुसला.

"हाऊ?" ती शेवटी म्हणाली. "हाऊ कंदील कसा धरी?"

निंबा इतका हसला की त्याला खाटेचा आधार घ्यावा लागला. सुंदरबाईने पन्नास खोडायला सांगितले. दादरही परत घेतली. योगराजने खोडलं आणि शून्य लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र शांतता आली होती, गणित सुटल्याची आणि आपणच मांडणी चुकवल्याची.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण हसू ओसरल्यावर निंबा फोटोकडे पाहत राहिला आणि त्याने विचारलं की हा खातो काय. पिवळ्या कागदावर वनाचं आरोग्य होतं, पुनःशोध होता, जेवणाचं काही नव्हतं. योगराजला मात्र माहीत होतं. सरडे, नाकतोडे, तो म्हणाला, आणि उंदीर.

निंबाच्या डोळ्यांपुढून दादरची पोती गेली. त्याने दहा रुपये लिहायला सांगितले. सुंदरबाईने लगेच पंधरा केले. पक्ष्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण निंबाच्या खाली राहायचं नव्हतं. मग निंबाने विचारलं, हा गावात येऊन खाईल का. योगराज प्रामाणिक होता. नाही म्हणाला, तो वर जंगलातच राहतो, सागाच्या ढोलीत. निंबा पाचावर आला. सुंदरबाई मोठ्या मनाने सहावर थांबली.

दहा-पंधरा मिनिटांत एकाच बाईने पन्नास, शून्य, पंधरा आणि सहा सांगितले होते. पुण्याहून पैसे खर्चून दोन रंगांच्या कागदांनी जे शोधायचं होतं ते या अंगणात खाटेवर बसून चाललं होतं. योगराजने पेन खाली ठेवलं. कागदही ठेवला. बूट केव्हाच मातीचे झाले होते. मग त्याने 'पुनःशोध' या शब्दाचा अर्थ साध्या बोलीत सांगितला. शंभराहून जास्त वर्षं हा पक्षी कुणाला दिसला नव्हता. शिकलेल्या लोकांनी लिहून टाकलं होतं की संपला. आणि मग एक दिवस तो पुन्हा दिसला, इथेच, या सातपुड्यात. झाडावर बसलेला, भर दिवसा.

सुंदरबाईने तुरीचं सूप बाजूला सरकवलं.

"शंभर वरीस कोनी देखं नही," ती म्हणाली, "नि तो तठेच व्हता?"

"तिथेच होता, अक्का."

ती वरच्या डोंगराकडे पाहत बसली. मग म्हणाली, "वीस लिख. तो उना, तं मना कंदीलवाला बी येई. चारच वरीस तं व्हयनात."

निंबा यावेळी हसला नाही. त्याने आपले पाच राहू द्यायला सांगितले, आणि हळूच म्हणाला की पिंगळ्यासाठी, म्हणजे त्या कंदीलवाल्यासाठी, कागद असेल तर तोही घेऊन यावा, एकदम शून्य तो काही म्हणणार नाही.

मग चहा आला आणि जैनबने तो घेतला. कप ठेवून तिने योगराजसमोर आपले जुने पंधरा पांढरे कागद पसरले आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. पायलीभर दादर. जुना सदरा देऊ. हात पाहणार का, असे विचारले. कुत्रा बांधून ठेवू. एकाने दोन रुपये म्हणून मग वीस केले, कारण मागच्या वेळी सांगितलेले खरे ठरले. योगराज एकेक वाचत गेला. कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, तुम्हाला कधी कळलं. पहिल्या घरात, पहिल्या मिनिटाला, ती म्हणाली. मग सांगितलं का नाही? पंधरा वेळा सांगितलं, ती म्हणाली, पदरचा एकही शब्द न घालता. चोपड्याला उतरताना योगराजने कबूल केलं की तिचं नाव यादीतून काढायचं पत्र त्याच्या बॅगेत लिहून तयार होतं. जैनबने ते मागून घेतलं. आता तिच्या पॅडला पुठ्ठ्याखाली तेच आधार देतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम पुन्हा निघालं. यावेळी शिकवायला समोरच्या खुर्चीवर जैनब होती आणि योगराज मागच्या बाकावर. नव्या कागदावर 'रानपिंगळा हा पक्षी' असं छापलं होतं, पिवळ्यावर उंदीर आले होते, आणि शेऱ्याचा रकाना अर्धं पान झाला होता. तो पुण्यात अक्षर न् अक्षर टाइप होणार होता.

उंबरखेड्यात सुंदरबाईने पक्ष्याला वीसच सांगितले. मग तिने विचारलं, आणि माणसाचा कागद? जैनबला नाही म्हणावं लागलं. "मंग त्या मोठा खानामा लिख," सुंदरबाई म्हणाली, आणि सावकाश सांगत गेली. जैनबने लिहून घेतलं: पिंगळ्यासाठी पन्नास रुपये व पायलीभर दादर कायम. समोरचे निंबा यांची अर्धी पायली. पिंगळा दिसल्यास उंबरखेडे येथे पाठवून द्यावा.

महिनाभराने पुण्याहून योगराजला फोन आला. टाइप करणाऱ्या मुलीला कळत नव्हतं की एकाच पानावर पिंगळ्याला वीस आणि पिंगळ्यालाच पन्नास कसे, आणि पक्षी गावात पाठवायचा म्हणजे कसा. नेमका कोणता पिंगळा, तिने विचारलं.

"मॅडम," योगराज म्हणाला, "प्रश्नाबाहेरचं मी बोलू शकत नाही. तुम्ही असं करा, एकदा उंबरखेड्याला या. चहा मात्र नंतर घ्या."